मार्चअखेर

मार्च संपत आला की सगळं भौतिकशास्त्र माझ्या टेबलावर येतं,
फायलींतून, चिठ्ठ्यांवरून,
एकदा तर कँटीनच्या बिलाच्या पाठीवरून :
"पेपर दोन. एक स्वीकारला. एक अजून नाकारलेला नाही."
मी टाइप करते.
रकाना तीन, शोधनिबंध. रकाना पाच, चर्चासत्रे.
रकाना सात, प्राध्यापकांची विशेष कामगिरी, शंभर शब्दांत.
बावीस वर्षं झाली मला ताळगावच्या या पठारावर,
खिडकीत झुवारीचं एक बोट,
आणि इलेक्ट्रॉन मी अजून पाहिलेला नाही.

चर्चासत्राचं सोपं असतं.
"डॉ. अवितो फुर्तादो यांचे व्याख्यान. उपस्थिती बत्तीस."
सह्या बत्तीसच होत्या.
दिवे मालवल्यावर मी डोकी मोजली, अकरा,
त्यांत प्रोजेक्टरवाला,
आणि शिवोलीहून दोन बस बदलून आलेली वक्त्याची आई,
पहिल्या रांगेत, प्रत्येक समीकरणाला मान डोलवणारी.
"कुणाला काही प्रश्न?"
पंख्याचा आवाज.
मग तीच म्हणाली, "पुता, जेवलो मरे?"
मी तो प्रश्न इतिवृत्तात घेतला होता.
विभागप्रमुखांनी खोडला.

मिताली वेळीप रिवणची.
बाप खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा ती अकरावीत.
ट्रक अजून परसात उभा आहे,
हौद्यावर मिरवेल चढलीय.
तीन वर्षं ती विकतच्या शुद्ध पुड्यांतून
लोखंडाचे बारीक बारीक कण करत होती,
आणि एका सोमवारी पिशवीतून चेपणीची बरणी काढली,
आत आंबे नव्हते,
हौद्याच्या कोपऱ्यांतून खरवडलेली लाल धूळ.
"मॅडम, हिचं करून बघूया?"
डॉ. सुलक्षा भोबे म्हणाल्या, अशुद्ध आहे.
तीन आठवड्यांनी म्हणाल्या, बघ.

हिस्टेरिसिस हा शब्द तिच्या प्रबंधात
मी एकशे चौदा वेळा टाइप केला. शेवटी विचारलंच.
तिने माझ्या रजेच्या अर्जामागे एक फुगीर पान काढलं :
चुंबकाला ओढायचं, मग सोडायचं.
गेला त्या वाटेने तो परत येत नाही.
काहीतरी धरून ठेवतो.
"किती?" मी म्हटलं.
तिने आकडा सांगितला, दशांशासकट.

आलेख सुरुवातीला जुळेचना.
दोनदा बांबोळीची लाइन गेली,
एकदा द्रवनायट्रोजनचा टँकर वेर्ण्याला अडकला,
तर गुणो पिंपं पिकअपमध्ये घालून स्वतः आणायला गेला,
रोजंदारीवरचा गुणो, त्या दिवसाचा त्याचा रोज कापलेला.
रात्री दोनला ते पान मिटलं, टोकाला टोक.
सकाळी माझ्या टेबलावर एक फणसाचा गरा होता. चिठ्ठी नव्हती.

आता रकाना सात.
मी लिहिलं, डॉ. भोबे यांच्या मार्गदर्शनाखाली.
त्यांनी स्वतःचं नाव खोडून लिहिलं : मिताली, गुणो.
मॅडम, मिताली प्राध्यापक नाही.
गुणो तर कायमही नाही.
"मग रिकामा ठेवा," म्हणाल्या, आणि वर्गावर गेल्या.

रिकामा रकाना मला झोपू देत नाही.
म्हणून रकाना नऊ, देणगीरूपाने मिळालेले साहित्य :
'लाल माती, बरणी एक. दाते श्री. शाणू वेळीप, ट्रकचालक.
वाहतूक : श्री. गुणो नार्वेकर, स्वखर्चाने.'

ऑडिटचा शेरा आला : किंमत नमूद नाही.

त्याच आठवड्यात शाणू वेळीप स्वतः आले,
चपला जिन्याखाली काढून,
सगळ्या यंत्रांपासून हातभर दूर उभे.
माती ठेवा म्हणाले. बरणी तेवढी द्या,
घरात आंबे पडून आहेत.
गुणोने ती तीनदा धुतली,
एकदा डिस्टिल्ड वॉटरने.
उन्हात धरून पाहिली,
तळाला अजून तांबूसच.